साखळी अजिंक्यपदे : मोजणी आणि मर्म

सर्वांत जास्त साखळी अजिंक्यपदे मिळविणारा फुटबॉलपटू कोण आणि प्रशिक्षक कोण, हा प्रश्न वरवर पाहता अगदी सोपा वाटतो. यादी करावी, बेरीज करावी आणि ज्याच्या नावापुढे मोठा आकडा येईल त्याला पहिला मान द्यावा, असे कोणीही म्हणेल. परंतु यादी करावयास बसले म्हणजे अडचणी दिसू लागतात. अजिंक्यपद संघाला मिळते. ते व्यक्तीच्या नावावर कोणत्या हिशेबाने मांडावयाचे? आणि निरनिराळ्या काळांतील व देशांतील आकडे एकाच तराजूत घालता येतात काय? या प्रश्नांचा विचार आपण मुख्यत्वे इंग्लंड व स्कॉटलंड येथील उदाहरणांच्या आधारे करू, कारण फुटबॉलच्या साखळी स्पर्धेचा इतिहास तेथेच सर्वांत जुना आहे.

साखळी पद्धतीचा उगम

इंग्लंडमध्ये १८८५ साली खेळाडूंना वेतन देण्यास अधिकृत मान्यता मिळाली. वेतन द्यावयाचे तर क्लबला नियमित उत्पन्न हवे, आणि उत्पन्नासाठी सामने ठरल्या दिवशी व्हावयास हवेत. त्या वेळचे सामने एक तर मैत्रीचे, म्हणजे केव्हाही रद्द होणारे, किंवा बाद पद्धतीचे असत. बाद पद्धतीत पहिल्याच फेरीत हरलेल्या संघाला पुढे खेळावयास काही उरत नसे. यावर अॅस्टन व्हिला क्लबचे विल्यम मॅक्ग्रेगर यांनी उपाय सुचविला : निवडक क्लबांनी एकमेकांशी स्वतःच्या व प्रतिपक्षाच्या मैदानावर एकेक सामना खेळावा. त्यानुसार १८८८ साली १२ क्लबांची ‘फुटबॉल लीग’ सुरू झाली. पहिल्या हंगामात प्रेस्टन नॉर्थ एंड या संघाने २२ सामन्यांपैकी १८ जिंकले, ४ बरोबरीत सोडविले आणि एकही न हरता अजिंक्यपद मिळविले.

बाद पद्धतीत एखाद्या दुपारच्या दैवयोगाने दुबळा संघही बलाढ्य संघाला घरी पाठवू शकतो. साखळीत दैव दोन्ही बाजूंना सारखेच वाटले जाते. पावसाळी मैदान, जायबंदी खेळाडू, पंचांची चूक हे सारे हंगामभरात प्रत्येकाच्या वाट्याला येते. म्हणून साखळी अजिंक्यपद ही सातत्याची परीक्षा मानली जाते. हे सातत्य कोणाचे, एका व्यक्तीचे की संस्थेचे, हाच आपल्या विवेचनाचा गाभा आहे.

दोन सारखे आकडे

जॉर्ज रॅम्झी यांच्या कारकीर्दीत अॅस्टन व्हिलाने १८९४ ते १९१० या काळात सहा अजिंक्यपदे मिळविली. बॉब पेस्ली यांच्या हाताखाली लिव्हरपूलनेही १९७६ ते १९८३ या काळात सहाच मिळविली. आकडा एकच, परंतु रॅम्झी हे क्लबचे चिटणीस होते आणि त्या काळी संघाची निवड समिती करीत असे. पेस्ली हे आधुनिक अर्थाने व्यवस्थापक होते. संघ निवडणे, खेळाची आखणी करणे ही कामे त्यांचीच. तेव्हा रॅम्झींचे सहा आणि पेस्लींचे सहा ही एकाच जातीची नाणी नव्हेत.

पेस्लींच्या सहा अजिंक्यपदांमागेही एक परंपरा उभी होती. ते १९३९ साली खेळाडू म्हणून लिव्हरपूलमध्ये आले, १९४७ सालच्या अजिंक्य संघात खेळले आणि पुढे तेथेच प्रशिक्षणाच्या कामाला लागले. १९५९ ते १९७४ या काळात व्यवस्थापक बिल शँक्ली यांनी तीन अजिंक्यपदे मिळविली, तेव्हा पेस्ली त्यांचे सहायक होते. पेस्लींनंतर त्यांचेच सहकारी जो फेगन आणि त्यांच्यामागून त्यांच्याच संघातील खेळाडू केनी डॅल्ग्लिश यांनी ती धुरा सांभाळली. मध्यरक्षक अॅलन हॅन्सन यांनी १९७९ ते १९९० या काळात आठ अजिंक्यपदे मिळविली, ती या तिन्ही व्यवस्थापकांच्या हाताखाली. व्यवस्थापक बदलले, घडी मोडली नाही.

स्पर्धेची घडण

व्यवस्थापकांपैकी स्कॉटलंडमधील रेंजर्स क्लबचे बिल स्ट्रूथ यांच्या नावावर १८ अजिंक्यपदे आहेत. ते १९२० ते १९५४ पर्यंत त्या पदावर होते. महायुद्धामुळे पडलेला खंड वगळता त्या काळात २७ हंगाम पूर्ण झाले. म्हणजे दर तीन हंगामांपैकी दोन रेंजर्सचे. हा पराक्रम असामान्य खराच. मात्र १९०५ ते १९४७ या काळात १९३२ सालचा मदरवेल क्लबचा अपवाद सोडला, तर तेथील अजिंक्यपद रेंजर्स किंवा सेल्टिक यांच्याबाहेर गेलेच नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे. ज्या साखळीत दोनच दावेदार असतात तेथे आकडा लवकर फुगतो.

याच मक्तेदारीला अॅलेक्स फर्ग्युसन यांनी तडा दिला. त्यांच्या अॅबर्डीन संघाने १९८० साली अजिंक्यपद मिळविले, तेव्हा त्या दोन क्लबांखेरीज अन्य संघ अजिंक्य ठरण्याचा योग पंधरा वर्षांनी आला होता. पुढे १९८४ व १९८५ सालीही अॅबर्डीनच अजिंक्य ठरले. नोव्हेंबर १९८६ मध्ये फर्ग्युसन इंग्लंडमधील मँचेस्टर युनायटेडकडे गेले. १९६७ पासून त्या क्लबला साखळी अजिंक्यपद लाभले नव्हते. पहिल्या चार हंगामांत संघ अकरावा, दुसरा, पुन्हा अकरावा आणि तेरावा आला. अशा वेळी व्यवस्थापकाला निरोप देण्याची रीत सर्वत्र आहे. क्लबने तसे केले नाही. १९९३ साली पहिले अजिंक्यपद आले आणि २०१३ साली फर्ग्युसन निवृत्त होईतो त्यांची संख्या तेरा झाली. स्कॉटलंडमधील तीन धरून बेरीज सोळा होते. बेरजेत तीन हा लहान आकडा आहे. मोलाने तो लहान म्हणता येणार नाही.

या तेराही अजिंक्यपदांत सहभागी असलेला खेळाडू एकच, रायन गिग्ज. १९९१ साली वयाच्या सतराव्या वर्षी त्यांनी पहिला सामना खेळला आणि चाळिशीपर्यंत ते त्याच क्लबमध्ये राहिले. पदकांच्या नियमावरूनही एक गोष्ट कळते. पूर्वी प्रीमियर लीगमध्ये पदकासाठी किमान दहा सामने खेळावे लागत. २०१२-१३ च्या हंगामापासून पाच पुरेसे झाले. म्हणजे एखाद्या खेळाडूच्या नावावर अजिंक्यपद मांडावे की नाही, हेही अखेर नियमानेच ठरते.

स्थलांतर करणारे

क्लब बदलूनही यश मिळविणारे मोजकेच. दोन निरनिराळ्या क्लबांना इंग्लंडचे अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या व्यवस्थापकांत टॉम वॉटसन, हर्बर्ट चॅपमन, ब्रायन क्लफ आणि केनी डॅल्ग्लिश या चौघांची गणना होते. इटलीचे कार्लो अँचेलॉटी यांनी तर इटली, इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी व स्पेन या पाच देशांच्या साखळ्या जिंकल्या. त्यांची अशी अजिंक्यपदे सहा. स्ट्रूथ यांच्या आकड्याची ती तिसरा हिस्साच होत. तरीही मैदान, भाषा आणि माणसे बदलूनही टिकणारी विद्या कोणती, हे शोधणाऱ्याने हीच सहा आधी अभ्यासावीत.

शून्याचा हिशेब

आता यादीत नसलेल्यांकडे वळू. टॉम फिनी हे इंग्लंडच्या थोर फुटबॉलपटूंपैकी एक. १९६० साली निवृत्त होईपर्यंत ते आपल्या गावच्या प्रेस्टन संघाकडूनच साखळीत खेळले. १९५२-५३ च्या हंगामात प्रेस्टन आणि आर्सेनल या दोघांचे ५४ गुण झाले. तेव्हा केलेल्या गोलांना स्वीकारलेल्या गोलांनी भागून सरासरी काढीत. आर्सेनलचे ९७ व ६४, प्रेस्टनचे ८५ व ६०. भागाकारात जेमतेम एक दशांशाचा फरक पडला आणि अजिंक्यपद आर्सेनलकडे गेले. फिनी यांच्या नावापुढे शून्य राहिले, ते कायमचेच. स्टॅन्ली मॅथ्यूज यांनाही साखळी अजिंक्यपद कधी लाभले नाही. या दोघांना वगळून त्या काळच्या इंग्लिश फुटबॉलचा इतिहास लिहिता येणार नाही.

भारताचे उदाहरण

आपल्या देशात राष्ट्रीय साखळी स्पर्धा १९९६ साली सुरू झाली. २००७ साली तिला आय-लीग हे रूप आले. गोव्याच्या डेंपो क्लबने २००५ ते २०१२ या आठ हंगामांत पाच अजिंक्यपदे मिळविली आणि पाचही वेळा प्रशिक्षक आर्मांदो कुलासो हेच होते. उरलेल्या तीनपैकी दोन गोव्याच्याच चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर या क्लबांना, तर एक मुंबईच्या महिंद्र युनायटेडला मिळाले. म्हणजे डेंपोचे खरे प्रतिस्पर्धी शेजारीच होते. कुलासो यांचा पाच हा आकडा वाचताना हा शेजारही वाचावयास हवा.

सारांश, अजिंक्यपदांची संख्या खोटे बोलत नाही. परंतु ती सारे सांगतही नाही. मोठ्या आकड्यामागे एक गुणवंत व्यक्ती असते, तशीच तिला वेळ देणारी संस्थाही असते. तेराव्या क्रमांकावर घसरलेल्या संघाच्या व्यवस्थापकाला १९९० साली निरोप दिला गेला असता, तर पुढील तेरा अजिंक्यपदे त्याच्या नावावर मांडता आली नसती. पुढल्या वेळी अशी यादी हाती आली, तर वाचकाने नावापुढील आकड्याबरोबरच ती व्यक्ती त्या क्लबात किती वर्षे होती, हेही पाहावे.