मुलाखत : विश्वासाची परीक्षा

प्रस्तावना

शिक्षण पूर्ण होत आले की नोकरीचा विचार सुरू होतो आणि नोकरीच्या वाटेवर मुलाखतीचा टप्पा अटळ असतो. मोठ्या व्यावसायिक सेवासंस्थेची मुलाखत म्हटले की अनेक उमेदवारांच्या मनात धास्ती निर्माण होते. विशेषतः ज्यांचे शिक्षण मध्येच खंडित झाले आणि पुढे मुक्त विद्यालयातून पूर्ण झाले, त्यांना ‘आपली जागा येथे आहे का?’ असा प्रश्न पडतो. या संस्था कोणते काम करतात, मुलाखतीत त्या काय तपासतात आणि उमेदवाराने तयारी कशी करावी, याचा परिचय प्रस्तुत पाठात करून दिला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपल्याला
• व्यावसायिक सेवासंस्थांच्या कामाचे स्वरूप सांगता येईल;
• मुलाखतीचे टप्पे स्पष्ट करता येतील;
• शिक्षणातील खंडाविषयी प्रामाणिकपणे व नेमकेपणाने बोलता येईल;
• अंदाजावर आधारित प्रश्न टप्प्याटप्प्याने सोडवता येईल.

मूळ पाठ

१. संस्था आणि तिचे काम

कारखाना वस्तू विकतो. व्यावसायिक सेवासंस्था आपले ज्ञान आणि आपला शब्द विकते. कंपन्यांच्या हिशेबांचे लेखापरीक्षण करणे, करांविषयी सल्ला देणे, व्यवहारातील जोखीम दाखवून देणे आणि कारभार सुधारण्याचे उपाय सुचवणे ही तिची प्रमुख कामे होत. विल्यम वेल्च डेलॉइट यांनी १८४५ मध्ये आणि सॅम्युअल लोवेल प्राइस यांनी १८४९ मध्ये लंडनमध्ये हिशेबनीस म्हणून व्यवसाय सुरू केला. त्यांच्या नावांचा वारसा आज डेलॉइट आणि पीडब्ल्यूसी या संस्था चालवतात. या दोन संस्था आणि ईवाय व केपीएमजी मिळून ‘बिग फोर’ म्हणून जगभर ओळखल्या जातात.

भारतात सनदी लेखापालांचा व्यवसाय १९४९ च्या कायद्याने नियमित केला. त्याच कायद्यान्वये १ जुलै १९४९ रोजी भारतीय सनदी लेखापाल संस्था स्थापन झाली. शासनमान्य मंडळाची बारावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी या संस्थेची फाउंडेशन परीक्षा देऊ शकतो. वाणिज्य पदवीला किमान ५५ टक्के किंवा अन्य पदवीला किमान ६० टक्के गुण असल्यास थेट इंटरमिजिएट स्तरावर प्रवेश मिळतो. २०२३ मध्ये लागू झालेल्या नव्या योजनेत प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचा, म्हणजे आर्टिकलशिपचा, कालावधी तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आणला गेला. या प्रशिक्षणासाठीही मोठ्या संस्था मुलाखती घेतात. लेखापालांखेरीज अभियंते, विधी पदवीधर आणि व्यवस्थापन शिकलेले तरुणही तेथे नेमले जातात.

२. संस्थेला काय हवे असते?

लेखापरीक्षकाची सही म्हणजे हजारो अपरिचित माणसांना दिलेली ग्वाही असते. ती ग्वाही खोटी ठरली की संस्थेचे भांडवलच नाहीसे होते. शिकागो येथे १९१३ मध्ये सुरू झालेली आर्थर अँडरसन ही एकेकाळी जगातील पाच मोठ्या संस्थांपैकी एक होती. एन्रॉन कंपनीच्या प्रकरणात कागदपत्रे नष्ट केल्याच्या आरोपावरून २००२ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने तिला दोषी ठरवले. २००५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. परंतु तोपर्यंत ग्राहक निघून गेले होते आणि संस्था मोडून पडली होती. न्यायालयाचा निकाल फिरला, पण गेलेला विश्वास परत आला नाही.

म्हणूनच मुलाखतीत केवळ ज्ञान तपासले जात नाही. उमेदवार विचार कसा करतो, दुसऱ्याचे ऐकून घेतो का आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे सांगतो का, याकडे मुलाखतकारांचे बारीक लक्ष असते.

३. मुलाखतीचे टप्पे

प्रत्येक संस्थेची पद्धत थोडी निराळी असली, तरी साधारणपणे पुढील टप्पे आढळतात. प्रथम अर्ज व परिचयपत्र यांची छाननी होते. त्यानंतर अंकगणित, तर्क आणि भाषा यांची चाचणी असते. काही ठिकाणी गटचर्चा घेतली जाते. पुढे विषयज्ञानाची मुलाखत आणि शेवटी संस्थेतील वरिष्ठ भागीदाराशी भेट होते. यांपैकी काही टप्पे आता संगणकाच्या पडद्यावर पार पडतात. अशा वेळी शांत जागा, समोरून येणारा प्रकाश आणि आधी तपासून घेतलेली इंटरनेट जोडणी यांची व्यवस्था उमेदवाराने करावी.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नामांकित संस्थेच्या नावाने मुलाखतीसाठी, प्रशिक्षणासाठी किंवा नेमणूकपत्रासाठी कोणी पैसे मागितले, तर ती फसवणूक समजावी.

४. खंड पडला म्हणून वाट संपत नाही

रायपूर शहरातील बुढापारा ही बुढा तलावाच्या काठची जुनी वस्ती. या तलावाला आज विवेकानंद सरोवर असे नाव आहे. १८७७ मध्ये कोलकात्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपूरला आले आणि त्यांचे कुटुंब बुढापाऱ्यात राहिले. त्यांचा मुलगा नरेंद्र, म्हणजेच पुढील काळातील स्वामी विवेकानंद, त्या वेळी चौदा वर्षांचा होता. रायपूरच्या वास्तव्यात त्याचे शालेय शिक्षण थांबले. मात्र वडिलांशी आणि त्यांच्याकडे येणाऱ्या विद्वानांशी होणाऱ्या चर्चेतून त्याची विचारशक्ती घडत गेली. १८७९ मध्ये कोलकात्याला परतल्यावर त्याने राहिलेला अभ्यास भरून काढला आणि प्रवेश परीक्षा पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण केली.

१८८४ मध्ये वडिलांचे निधन झाले. घरची स्थिती इतकी बिघडली की पदवीधर नरेंद्राला नोकरीसाठी एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत हेलपाटे घालावे लागले आणि अनेक ठिकाणी नकार ऐकावा लागला. शाळेत पडलेला खंड किंवा कचेरीत मिळालेला नकार हे माणसाच्या योग्यतेचे अंतिम माप नसते, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

५. संवादाचा नमुना

पुढील संवाद काल्पनिक आहे. बुढापाऱ्यात राहणारी एक उमेदवार आर्टिकलशिपसाठी मुलाखत देत आहे.

मुलाखतकार : दहावीनंतर चार वर्षांनी आपण बारावी उत्तीर्ण झालात. मधल्या काळात काय केलेत?

उमेदवार : मॅडम, वडिलांच्या आजारपणामुळे मला शाळा सोडावी लागली. वह्या-पुस्तकांच्या एका घाऊक दुकानात मी हिशेब लिहीत होते. ते काम करतानाच मुक्त विद्यालयातून बारावी केली आणि नंतर फाउंडेशन व इंटरमिजिएट परीक्षा दिल्या.

मुलाखतकार : त्या कामातील एखादा प्रसंग सांगाल?

उमेदवार : एका संध्याकाळी रोजमेळापेक्षा गल्ल्यात ७२० रुपये कमी भरले. दुकानात काम करणाऱ्या मुलावर संशय आला. रोजमेळ लिहिण्याची जबाबदारी माझी होती, म्हणून नोंदी पुन्हा तपासू द्याव्यात, अशी मी मालकांना विनंती केली. फरकाला नऊने पूर्ण भाग जात होता. लिहिताना अंकांची अदलाबदल झाली की असा फरक येतो. सर्व बिले पडताळल्यावर १९० रुपयांचे एक बिल ९१० रुपये असे लिहिलेले सापडले. ती चूक माझ्याच हातून झाली होती. मी ती मालकांना सांगितली आणि त्या मुलाचीही क्षमा मागितली. त्यानंतर रोजमेळ बंद करण्यापूर्वी दुसऱ्या व्यक्तीकडून बिले ताडून घेण्याची पद्धत आम्ही सुरू केली.

मुलाखतकार : बरे. भाडेपट्ट्याने घेतलेल्या यंत्राची नोंद सध्याच्या लेखामानकानुसार कशी कराल?

उमेदवार : मॅडम, ते मानक मी अद्याप नीट अभ्यासलेले नाही. मालकी एकाची आणि वापर दुसऱ्याचा असल्याने दोघांच्या पुस्तकांत नोंदी वेगळ्या होतील, एवढे सांगू शकते. नेमका नियम वाचूनच उत्तर देणे योग्य होईल.

या संवादात उमेदवाराने खंड लपवला नाही आणि त्याबद्दल सहानुभूतीही मागितली नाही. प्रसंग, जबाबदारी, कृती आणि परिणाम या क्रमाने तिने अनुभव मांडला. स्वतःची चूक सांगण्यास ती कचरली नाही. त्यामुळे एका निरपराध मुलावरील संशय दूर झाला. शेवटच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर तिला आले नाही. तरीही जेवढे ठाऊक होते तेवढेच सांगून तिने आपली विश्वासार्हता राखली.

६. अंदाजाचे प्रश्न

काही संस्था असे प्रश्न विचारतात, ज्यांचे अचूक उत्तर कोणालाच ठाऊक नसते. उदाहरणार्थ, ‘बुढा तलावाजवळच्या एखाद्या चहाच्या टपरीवर दिवसाला किती कप चहा खपत असेल?’ येथे उत्तराच्या आकड्यापेक्षा विचारांची मांडणी महत्त्वाची ठरते.

समजा, टपरी सकाळी ६ ते रात्री ९, म्हणजे १५ तास उघडी असते. सकाळचे ३ आणि संध्याकाळचे ४ असे ७ तास गर्दीचे धरू. त्या वेळी तासाला ४० कप खपतात, असे मानले तर २८० कप होतात. उरलेल्या ८ तासांत तासाला १५ कप धरले तर १२० कप होतात. एकूण ४०० कप झाले. आता पडताळा घेऊ. एका कपाला ५० मिलिलिटर दूध लागत असेल, तर दिवसाला २० लिटर दूध लागेल. टपरीवाला रोज इतके दूध घेतो का, हे विचारून अंदाज सुधारता येतो. गृहीत धरलेली प्रत्येक गोष्ट मोठ्याने सांगणे आणि शेवटी पडताळा घेणे, या दोन सवयी लेखापरीक्षणातही उपयोगी पडतात.

७. भाषेचा संकोच

अशा मुलाखती बहुधा इंग्रजीत होतात. साधी, छोटी आणि स्पष्ट वाक्ये बोलता आली तर पुरे. उच्चारांचा डौल आवश्यक नसतो. छत्तीसगडमधील मराठी भाषकाला मराठी, हिंदी आणि अनेकदा छत्तीसगढीही येते. ग्राहकाच्या गोदामात जाऊन माल मोजताना, कामगारांशी बोलताना हे भाषाज्ञान मोलाचे ठरते. माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी होती. त्यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले आणि ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ हिंदीत नेले. दोन भाषांमध्ये वावरणे हे न्यून नसून सामर्थ्य आहे, हे त्यांच्या कार्यातून दिसते.

मुलाखतीच्या अखेरीस ‘आपल्याला काही विचारायचे आहे का?’ असा प्रश्न येतो. त्या वेळी गप्प राहू नये. पहिल्या वर्षी कोणत्या प्रकारचे काम मिळेल, मार्गदर्शन कोण करील, परीक्षेसाठी रजा कशी मिळते, असे प्रश्न नम्रपणे विचारावेत. नोकरी स्वीकारावी की नाही, हे ठरवण्याचा अधिकार उमेदवारालाही असतो.

आपण काय शिकलो?

• व्यावसायिक सेवासंस्थेचे खरे भांडवल म्हणजे विश्वास.
• शिक्षणातील खंड लपवू नये. त्या काळात काय शिकलो ते सांगावे.
• अनुभव सांगताना प्रसंग, जबाबदारी, कृती आणि परिणाम हा क्रम ठेवावा.
• अंदाजाच्या प्रश्नात गृहीतके सांगावीत व उत्तराचा पडताळा घ्यावा.

शब्दार्थ

लेखापरीक्षण – हिशेबांची स्वतंत्र तपासणी
रोजमेळ – रोजच्या रोकड व्यवहारांची वही
गृहीतक – विचारासाठी खरे मानलेली गोष्ट
पडताळा – खरेपणाची खात्री

स्वाध्याय

१. आर्थर अँडरसन या संस्थेच्या उदाहरणावरून कोणता बोध होतो? चार-पाच वाक्यांत लिहा.
२. संवादातील उमेदवाराने शेवटच्या प्रश्नाला दिलेले उत्तर आपल्याला योग्य वाटते का? सकारण लिहा.
३. रोजमेळात ३७० ऐवजी ७३० असे लिहिले गेल्यास किती रुपयांचा फरक पडेल? त्याला नऊने भाग जातो का, ते पाहा.
४. आपल्या घरातील, शेतातील किंवा कामावरील एक अनुभव पाठात सांगितलेल्या क्रमाने दहा वाक्यांत लिहा.
५. आपल्या वस्तीतील एका किराणा दुकानात दिवसाला किती ग्राहक येत असतील, याचा अंदाज करा. गृहीतके लिहा आणि दुकानदाराला विचारून पडताळा घ्या.