परसबागेचा अभ्यास

निवासी शाळेच्या वेळापत्रकात परसबागेचा तास पाहून काही पालकांच्या मनात प्रश्न उभा राहतो : आम्ही जन्मभर दुसऱ्याच्या शेतावर राबलो, मग मुलांच्या हाती पुन्हा खुरपे कशाला? हा प्रश्न रास्त आहे. त्यामागे भूमिहीनतेचा मोठा इतिहास आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1918 मध्ये लहान शेतजमिनींच्या प्रश्नाची अर्थशास्त्रीय मीमांसा केली आणि 1937 मध्ये खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. 1959 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केला. मातीविषयीचा निर्णय कष्टकऱ्याच्या हाती यावा, हे या प्रयत्नांचे सूत्र होते. परसबागेत विद्यार्थ्याने शिकायचे आहे ते हेच : पाहणे, मोजणे आणि स्वतः ठरवणे.

पहिला पाठ खताचा. भोजनगृहातील भाजीची देठे व साली यांचा एक थर आणि त्यावर वाळलेल्या पाल्याचे दोन-तीन थर, असा ढीग रचावा. ओल्या कचऱ्यातून नत्र मिळते, सुक्यातून कर्ब. ढीग ओलसर ठेवून अधूनमधून वरखाली केला की सूक्ष्मजीवांना हवा मिळते व आतील उष्णता वाढते. दुर्गंधी आली तर ओल जास्त झाली आहे, असे समजून सुका पाला घालावा. ढीग थंडच राहिला तर ओल, हवा वा नत्र यांपैकी काय कमी पडले, ते शोधावे. प्रत्येक परिणामामागे कारण असते, हे येथे हाताला कळते.

दुसरा पाठ पाण्याचा. दोन सारख्या वाफ्यांपैकी एकावर पाल्याचे आच्छादन करावे व दुसरा उघडा ठेवावा. कोणत्या वाफ्याला किती बादल्या पाणी लागले, याची रोज वहीत नोंद करावी.

तिसरा पाठ मुळांचा. चवळीचे रोप हळुवार उपटून मुळांवरील गाठी पाहाव्यात. गाठ कापल्यावर आत गुलाबी-लालसर रंग दिसला, तर तेथील जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देत आहेत, असे समजावे. चवळी निघाल्यावर मुळे जमिनीतच ठेवावीत व त्या वाफ्यात पालेभाजी घ्यावी.

शेवटचा पाठ बियाण्याचा. संकरित वाणाचे बी पुन्हा पेरल्यास पीक एकसारखे येत नाही, म्हणून ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. गावरान वालाचे बी मात्र घरी राखता येते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असे गावरान बियाणे जतन केले. औपचारिक शिक्षण न मिळालेल्या या आदिवासी शेतकरी महिलेच्या कार्याचा पद्मश्री देऊन गौरव झाला.

निरोगी वेलीवरच्या शेंगा पूर्ण वाळू द्याव्यात, बी निवडून कोरड्या डब्यात ठेवावे आणि डब्यावर वाणाचे नाव व वर्ष लिहावे. सुटीला घरी जाताना विद्यार्थ्याने त्यातील मूठभर बी सोबत न्यावे. ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्यांच्या दारातील मातीने भरलेल्या पोत्यातही वाल रुजतो.