जलरंगांचा नेम

मुक्काम बसवनगुडी, बेंगळुरू
वैशाख वद्य पंचमी

चि. बाळ हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. बँकेने तुझी बदली सोलापूरहून इकडे केल्याचा हुकूम निघाला, रुजू होण्याची तारीखही ठरली, आणि आता सामानाची बांधाबांध चालली असता रंगपेटी बरोबर आणावी की ताईजवळच ठेवून यावी, असा प्रश्न तू विचारला आहेस. पेटी अवश्य आण. पण त्या प्रश्नाआड दुसरा एक प्रश्न आहे, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा उत्तम श्रेणीत उत्तीर्ण झालेल्या, रंगांवर मनापासून जीव असलेल्या मुलीचा हात नोकरी लागताच थांबावा असे काय घडले, आणि परक्या शहराच्या धावपळीत तो पुन्हा चालता कसा व्हावा? ‘आधी घर लागू दे, मग सवड काढून बसेन,’ असे तू लिहितेस. सवड अशी निघत नसते. ती नेमून ठेवावी लागते. म्हणून या नेमाविषयी मला जे सांगावेसे वाटते, ते आज विस्ताराने लिहितो.

नित्य अभ्यासाची महती सर्वच कलांचे गुरू गात आले आहेत. जलरंगांत मात्र हा अभ्यास टाळताच येत नाही, कारण त्याची निकड माध्यमाच्या घडणीतच आहे. तैलरंगात चुकलेले खरवडता येते, झाकता येते, उद्यावर टाकता येते. येथे रंगद्रव्य डिंकमिश्रित पाण्यातून कागदावर उतरते, पाणी उडून जाते आणि मागे जे उरते तेच चित्र. तेव्हा सारे यश त्या पाण्याची अवस्था ओळखण्यावर अवलंबून. कागदावर ओलाव्याची चकाकी आहे तोवर तीत सोडलेला दुसरा रंग मऊपणे पसरतो, आणि पावसाळी आभाळ त्याच घटकेत साधते. चकाकी नुकतीच मावळली आहे, पण कागदाच्या पोटात ओल शिल्लक आहे, अशा वेळी पाण्याने भरलेला ब्रश टेकलास, तर ते जादा पाणी आधीच्या रंगाचे कण ढकलीत कडेस नेते आणि फुलकोबीसारखा दातेरी डाग उठतो, जो पुढे काही केल्या जात नाही. कागद पुरता वाळल्यावर दिलेला रंग मात्र स्वच्छ, कापीव कडेने उभा राहतो. ओल आहे की नाही अशी शंका आली, तर बोटांची पाठ कागदाला हलकेच लावून पाहा. गार लागला तर थांब, गार लागला नाही तर पुढचा हात दे.

या तीन अवस्था किती वेळ टिकतात, हे तुला कोणतेही पुस्तक सांगू शकणार नाही, कारण ते गावागणिक आणि ऋतुमानाप्रमाणे बदलते. सोलापूरच्या वैशाखात आभाळाचा वॉश खाली आणीपर्यंत वरचा भाग कोरडा पडतो. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरच्या या शहरात, जूनच्या ढगाळ सकाळी, तोच वॉश तुला दोन क्षण विचार करू देईल. आणि श्रावणात कोकणात उतरलीस, तर कागद वाळण्याची वाट पाहता पाहता उजेडच बदलून जाईल. ज्याचा हात रोज ओल्या कागदाच्या सहवासात आहे, त्याला हा फरक न सांगता कळतो. जो सणावारी बसतो, त्याला दर वेळी पहिल्या पायरीवरून चढावे लागते, आणि आपल्यात गुणच नाही असा त्याचा गैरसमज होतो. तुझ्यात गुण आहे. तुटला आहे तो सहवास.

आता नेम कसा असावा ते सांगतो. तो लहान असावा. पोस्टकार्डाएवढा कागद आणि कचेरीस निघण्यापूर्वीचा अर्धा तास, एवढाच त्याचा विस्तार राहू दे. उजेडाची एक खिडकी निवडून तिच्यापाशी टेबल मांड, आणि त्यावर रंग, ब्रश, पाण्याची दोन भांडी, एक ब्रश धुण्याचे आणि एक स्वच्छ पाण्याचे, तसेच जुने सुती फडके, हा सरंजाम कायम तयार ठेव. कारण सामान काढण्या-ठेवण्यात जी दहा मिनिटे जातात, तीच बहुधा नेमाचा घात करतात. विषयाच्या शोधात हिंडू नकोस. समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी, दोरीवरचे कपडे, स्टीलच्या पेल्यातील कॉफी, बाजारातून आणलेली चार वांगी, यांतले काहीही चालेल. तीच टाकी आठ दिवस काढलीस तरी चालेल, किंबहुना काढच, म्हणजे सकाळच्या प्रकाशात तिची सावली निळसर का दिसते आणि आभाळ भरून येताच ती सावली नाहीशी का होते, हे तुला उमजू लागेल. ज्या दिवशी सकाळ हातची गेली, त्या दिवशी रात्री दिव्याखाली स्मरणचित्र काढ. परीक्षेसाठी तू ते घोटलेस आणि पुढे सोडून दिलेस. वास्तविक त्याच्याइतका डोळ्यांना शिस्त लावणारा अभ्यास दुसरा नाही, कारण आठवून काढू लागले म्हणजे आपण काय पाहिलेच नव्हते ते कळते, आणि दुसऱ्या दिवशी नजर नेमकी तिकडे जाते. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तारीख, वेळ, ठिकाण आणि हवामान यांची नोंद न चुकता कर. वर्षअखेर हे जे दफ्तर जमेल, त्याची बरोबरी कोणत्याही शिक्षकाच्या शेऱ्याने होणार नाही.

एकाच परिसरात राहून केवढे काम होऊ शकते, याचा दाखला आपल्याच मुलखात आहे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आपल्या गावी परतले. शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला, आणि 1931 साली निधन होईपर्यंत कोटीतीर्थाचे पाणी, काठची झाडे, रंकाळा आणि पंचगंगा यांच्याच सान्निध्यात त्यांची कला पिकत गेली. मुंबईच्या मोठ्या प्रदर्शनांची वाट सोडून त्या निसर्गाची बदलती रूपे टिपण्यातच त्यांनी आयुष्य वेचले. जेथे राहतो ते गाव चित्रास पुरत नाही, अशी तक्रार मनात येईल तेव्हा त्यांचे स्मरण कर.

साहित्याचा तपशील थोडक्यात लिहितो. रंग सहा पुरेत: लेमन यलो, यलो ऑकर, व्हर्मिलियन, क्रिमझन, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन. क्रिमझन घेताना टिकाऊ जातीचा घे. अलिझरिन म्हणून मिळणारा जुना प्रकार उजेडात फिका पडतो. काळा रंग घेऊच नकोस. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून हवा तेवढा गडद आणि हवा तसा उष्ण किंवा शीत करडा निघतो, आणि तो जिवंत दिसतो. पांढरा म्हणजे कोरा कागद; तो कोठे राखायचा हे ब्रश उचलण्यापूर्वीच ठरलेले असावे. गोल ब्रश दोनच, एक मोठा आणि एक मध्यम, पण दोन्ही चांगल्या टोकाचे. काटकसर करायची ती रंगांत कर, कागदात करू नकोस. पातळ कागद पाण्याने फुगतो, आणि त्याचा दोष तू आपल्या माथी घेशील. 300 ग्रॅम वजनाचा सुती कागद घेऊन त्याचे तुकडे कर आणि दोन्ही बाजू वापर. पुण्यास 1940 साली स्थापन झालेल्या हातकागद संस्थेचा कागदही एकदा वापरून पाहा. त्याच्या खरबरीत पोतावर खडक आणि जुन्या भिंती फार छान उतरतात.

येथे आल्यावर जोडून सुटी मिळेल तेव्हा म्हैसूरला जा आणि जगनमोहन राजवाड्यातील चित्रसंग्रहात सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे दीप घेतलेल्या तरुणीचे चित्र पाहा. पुष्कळ प्रेक्षक ते राजा रविवर्म्याचे आणि तैलरंगातले समजतात. पण ते सावंतवाडीस 1882 साली जन्मलेल्या आपल्या हळदणकरांनी 1945-46च्या सुमारास, आपल्या मुलीस समोर उभी करून, जलरंगात रंगवलेले आहे. ज्योतीस आडोसा देणाऱ्या बोटांतून झिरपणारा तांबूस प्रकाश, चेहऱ्यावर पडलेली त्याची प्रभा आणि भोवतीचा काळोख, हे सारे अशा माध्यमात आले आहे की ज्यात चुकीला मुभा नाही. त्या चित्रापुढे घाई न करता उभी राहा, आणि साठी ओलांडलेल्या त्या हातामागे किती वर्षांचा सराव असेल, याचा विचार कर.

दाराबाहेर पडलीस म्हणजे या शहरासारखा जलरंगांना अनुकूल गाव विरळा. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरी काम करून 1908 साली म्हैसूर संस्थानात आलेल्या क्रुम्बिगेल नावाच्या जर्मन उद्यानतज्ज्ञाने, वर्षभर एकामागून एक बहरत जातील अशी झाडे रस्तोरस्ती लावण्याची योजना आखली, आणि पुढच्यांनी ती वाढवली. त्यामुळे वर्षाच्या आरंभी गुलाबी टॅबेबुया, मार्चच्या सुमारास जांभळा जॅकरंडा आणि वैशाखात गुलमोहर, असे रंगाचे वेळापत्रकच तुझ्यापुढे मांडलेले असेल. कब्बन पार्कात अट्टारा कचेरीची तांबडी इमारत हिरवाईतून दिसते, तेव्हा तो तांबडा दुरून किती मंद होतो ते पाहून मगच रंग कालव. आमच्या बसवनगुडीत कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी शेंगांची जत्रा भरते. त्या गर्दीत माणसे काढू नकोस, शेंगांचे ढीग आणि त्यांमागच्या सावल्या काढ, माणसे दोन ठिपक्यांत आपोआप येतील. आणि लालबागेतला तो प्रचंड खडक, ज्याचे वय सुमारे 300 कोटी वर्षे आहे आणि ज्याच्या माथ्यावर केंपेगौडाचा बुरूज उभा आहे, तो तर तुझी पाठशाळाच होऊ दे. दुरून करडा वाटणारा तो दगड जवळ बसून पाहिला म्हणजे त्यात गुलाबी, पिवळसर आणि निळे पट्टे दिसू लागतात. आणि पाऊस पडून गेल्यावर त्याच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात आभाळ उतरते.

प्रवासात हाच नेम चालू ठेव. फक्त सरंजाम आणखी कमी कर. खिशात मावेल अशी पेटी, एक वही, पाण्याची छोटी बाटली आणि फडके पुरे. सोलापूरहून उद्यान एक्स्प्रेसने येशील तेव्हा कलबुर्गीपर्यंत उजेड असतो. धावत्या गाडीतून एकेक झाड काढण्याचा हट्ट धरू नकोस. आभाळ, क्षितिजाची रेघ आणि काळी जमीन, एवढे तीन पट्टे तीन छटांत मांड, आणि उरलेले काम स्टेशनावर गाडी थांबली की पुरे कर. हंपीसारख्या ठिकाणी गेलीस तर प्रथम थोडा वेळ नुसते पाहा, मग सावल्यांच्या कडा पेन्सिलीने आधी बांधून घे, आणि सूर्य सरकला तरी त्या बदलू नकोस; सरकत्या उन्हामागे धावल्याने चांगली चांगली चित्रे वाया गेली आहेत. सोबतची मंडळी खोळंबतील इतका वेळ घेऊ नकोस. देवळात बसण्यापूर्वी पुजाऱ्यांची अनुमती माग. आणि रंगाचे गढूळ पाणी पुष्करिणीत किंवा विहिरीजवळ कधीही ओतू नकोस. काही रंगांत विषारी धातू असतात, ते पाणी बाटलीत भरून परत आण.

प्रवासी चित्रकाराचा आदर्श पाहायचा असेल, तर कस्तुरबा रस्त्यावर के. वेंकटप्पा यांच्या नावाचे कलादालन आहे. 1886 ते 1965 हा त्यांचा काळ; कलकत्त्यास अवनींद्रनाथ ठाकुरांजवळ ते शिकले, आणि उटकमंडास मुक्काम करून तेथील ढग, धुके आणि चंद्रप्रकाश त्यांनी जलरंगात असे उतरवले की त्यांत डोंगरापेक्षा हवाच अधिक जाणवते. आबालालांनी एका जागेशी इमान राखले, वेंकटप्पांनी परक्या जागेच्या हवेचे मर्म ओळखले. घरी पहिला गुण अंगी बाणव, प्रवासात दुसरा. एकाच्या बळावर दुसरा येतो.

शेवटी एक धोका सांगून ठेवतो. नेम मोडणार. आजारपण येईल, मार्चअखेरचा हिशेब येईल, पाहुणे येतील. अशा वेळी चुकलेल्या दिवसांची थकबाकी पुढे ओढून एका रविवारी सगळी फेडण्याचा प्रयत्न करू नकोस. ती बाकी तिथेच माफ कर, आणि दुसऱ्या सकाळी रोजच्या आकाराचा एक कागद घेऊन बस. बिघडलेला कागद फाडू नकोस. त्यावर कोठे घाई झाली ते एका ओळीत लिही आणि दफ्तरात ठेव. चांगल्या चित्राने आनंद होतो, पण पुढचे पाऊल कोठे टाकावे हे बिघडलेले चित्रच सांगते. पहिले वर्षभर कोणाच्या वाहवेची अपेक्षा धरू नकोस. जानेवारीत कुमारकृपा रस्त्यावर चित्रसंते भरते, तेथे शेकडो चित्रकारांचे काम पाहा, त्यांच्याशी बोल, पण तुलना करायची ती आपल्याच गेल्या महिन्याच्या कागदांशी कर.

रुजू झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सहा वाजता लालबागेच्या दरवाज्याशी ये. कागद मी घेऊन येईन. त्या दिवशी आपण फक्त खडक रंगवू, तोही अर्ध्या तासात, आणि कसाही झाला तरी त्यावर तारीख घालून तुझ्या दफ्तराचा आरंभ करू.

ती. ताईस आणि ती. भाऊजींस साष्टांग नमस्कार. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
मामा