वाढत्या मुलांचे वजन : मोबाइल, मार्गदर्शक आणि घर



आपला बालाघाट जिल्हा हा धानाचा मुलूख. येथील चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन लाभले, ही वारासिवनीकरांनाही अभिमानाची गोष्ट होय. अशा प्रदेशात माया ही नेहमी ताटातूनच व्यक्त होत आली आहे. मुलाने ‘पुरे’ म्हटल्यावरही आणखी एक पळी भात वाढावा, यात आजीला समाधान वाटते. ज्या पिढीने टंचाईचे दिवस पाहिले, तिच्या दृष्टीने हे स्वाभाविकच आहे. परंतु आज त्याच घरात एक नवी चिंता शिरली आहे. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा होतो, अंगाने सुटू लागतो, मैदानावर मागे पडतो, सोबती त्याला टोपणनावे ठेवतात; आणि आई-वडील मोबाइलवर वजन कमी करण्याचे एखादे ॲप शोधू लागतात.

हा उपाय कितपत योग्य, त्याचा लाभ कोणता आणि धोका कोणता, याचा क्रमाने विचार करावा, हा या पाठाचा हेतू आहे.

१. प्रथम माप, मग उपाय

२०१६ ते २०१८ या काळात भारत सरकारने मुलांच्या पोषणाची देशव्यापी पाहणी केली. तीत १० ते १९ वयोगटातील २४ टक्के मुले-मुली वयाच्या मानाने कृश आढळली, तर ५ टक्के अतिवजनाची आढळली. म्हणजे एकाच वर्गात एक मुलगा अपुऱ्या पोषणाचा आणि दुसरा अतिवजनाचा, असे चित्र संभवते. म्हणून केवळ डोळ्यांनी पाहून ‘हा लठ्ठ’ किंवा ‘ही बारीक’ असा निर्णय देणे योग्य नव्हे.

वजनाचे किलोग्रॅम घ्यावेत, उंचीच्या मीटरला उंचीच्या मीटरनेच गुणावे, आणि त्या गुणाकाराने वजनास भागावे. जो आकडा येतो त्यास बीएमआय म्हणतात. मोठ्या माणसांसाठी या आकड्याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. मात्र वाढत्या मुलांना त्या मर्यादा लागू पडत नाहीत, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मुलांचा आकडा वय आणि लिंग यांच्या संदर्भातच वाचावा लागतो. त्यासाठी इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांचे सुधारित वाढ-आलेख २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांचा प्रमुख वाटा होता. प्रौढांच्या २३ व २७ या आकड्यांशी जुळणाऱ्या दोन रेषा त्या आलेखांत वयानुसार आखलेल्या आहेत. पहिल्या रेषेवर अतिवजन सुरू होते व दुसरीवर लठ्ठपणा.

एक उदाहरण घेऊ. तेरा वर्षांचा मुलगा, उंची १५० सेंटिमीटर, वजन ५० किलो. त्याचा बीएमआय सुमारे २२.२ येतो. प्रौढाच्या मापाने हा आकडा निर्दोष ठरेल. पण तेरा वर्षांच्या मुलाच्या आलेखावर तो अतिवजनाच्या रेषेवर जातो. आता पुढचा भाग पाहावा. हाच मुलगा वाढीच्या भरात दीड-दोन वर्षांत १६० सेंटिमीटर झाला आणि त्याचे वजन ५० किलोच राहिले, तर त्याचा आकडा सुमारे १९.५ वर येतो. एक किलोही न घटविता तो निरोगी मर्यादेत आला! वाढत्या वयाला निसर्गाने दिलेली ही मोठी सवलत आहे. पुष्कळ मुलांच्या बाबतीत वजन ‘उतरविणे’ हे ध्येय नसून, उंची वाढत असता वजनाची वाढ आटोक्यात ठेवणे हेच ध्येय असते. कोणाला कोणते ध्येय योग्य, हे डॉक्टरांनी ठरवावे, ॲपने नव्हे.

२. मराठी मुलखातील एक अनुभव

मोबाइल आणि मार्गदर्शन यांच्या जोडीने वजन घटविण्याचा मोठा प्रयोग महाराष्ट्रात आपल्या डोळ्यांसमोर झाला आहे. नागपूर जिल्ह्यातील काटोलचे डॉ. श्रीकांत जिचकार हे आहाराविषयी व्याख्याने देत असत. २००४ साली अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांच्या विचारांवरून स्फूर्ती घेऊन लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा, आणि तेही प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धती गेल्या दशकात घराघरांत नेली. व्याख्याने झाली, पुस्तक निघाले. पण प्रसाराचे खरे वाहन झाले ते व्हॉट्सॲपवरील गट. प्रश्न विचारावा, उत्तर मिळावे, आपले वजन व तपासणीचे आकडे कळवावेत, इतरांची प्रगती पाहून धीर यावा, असे त्या गटांचे स्वरूप होते.

या पद्धतीविषयी आहारतज्ज्ञांत मतभेद आहेत. त्यांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. आपल्याला दोन गोष्टी घ्यावयाच्या आहेत. पहिली अशी की, लोक टिकून राहिले ते यंत्रामुळे नव्हे, तर यंत्राच्या पलीकडे कोणीतरी विचारपूस करणारा होता म्हणून. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ही पद्धती १८ वर्षांखालील मुलांसाठी नाही, असे तिच्या प्रवर्तकांनीच सांगितलेले आहे. तरीही घरात काय घडू शकते, ते पाहावे. आई अशा एखाद्या गटात सामील होते. तिचे वजन उतरते. घरात कौतुक होते. आणि चौदा वर्षांची कन्या, कोणासही न विचारता, रात्रीचे जेवण सोडून देते. तिची हाडे, रक्त, मासिक धर्म, बुद्धीची एकाग्रता ही सर्व त्या वयात अन्नावर उभी राहत असतात. आईचे औषध कन्येला विष होऊ शकते, याचे भान मोबाइलच्या पडद्याला नसते; ते घरातल्या माणसांनाच ठेवावे लागते.

३. तीन रंगांची गोष्ट

आता परदेशातील एक उदाहरण पाहू, कारण ते खास मुलांसाठीच्या ॲपचे आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिओनार्ड एपस्टाइन यांनी १९७० नंतरच्या दशकात मुलांसाठी वाहतूक-दिव्यांच्या रंगांची आहारपद्धती तयार केली. हिरव्या रंगाचे पदार्थ मनसोक्त, पिवळ्या रंगाचे मापाने आणि लाल रंगाचे क्वचित, अशी तिची साधी रचना. आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगावयाचे तर पालेभाज्या, काकडी, टोमॅटो हे हिरवे. भात, पोळी, वरण हे पिवळे. आणि आलुबोंडा, जिलेबी, शीतपेय हे लाल. मुलाला आकडेमोड करावी लागत नाही, हा या पद्धतीचा गुण.

याच रंगांवर आधारलेले ‘कुर्बो’ नावाचे ॲप अमेरिकेतील वजन घटविण्याच्या व्यवसायातील एका प्रसिद्ध कंपनीने ऑगस्ट २०१९ मध्ये ८ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी प्रसिद्ध केले. पैसे भरल्यास पडद्यावरून मार्गदर्शकाशी बोलण्याचीही सोय होती. परंतु खाण्याच्या मनोविकारांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांनी लगेच आक्षेप घेतला. लहान मुलांची ‘आधी’ व ‘नंतर’ची छायाचित्रे दाखविणे आणि अन्नावर लाल शिक्का मारणे यांमुळे मुलांच्या मनात अन्नाविषयी भय व स्वतःच्या देहाविषयी लाज उत्पन्न होईल, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे मार्च २०२२ मध्ये, १३ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या रीतसर संमतीवाचून गोळा केल्याच्या आरोपावरून झालेल्या तडजोडीत कंपनीला १५ लाख डॉलर दंड भरावा लागला आणि ती माहिती नष्ट करण्याचा आदेश झाला.

मग एपस्टाइन यांची मूळ पद्धती चुकीची होती काय? तसे नाही. त्यांनी ६ ते १२ वर्षांच्या स्थूल मुलांवरील प्रयोगाचे दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध केले. आहार व व्यायाम सर्वांनाच शिकविला होता. ज्या गटात मूल आणि पालक या दोघांच्याही सवयी व वजन यांकडे लक्ष दिले गेले, त्या गटातील मुलांचे अतिवजनाचे प्रमाण दहा वर्षांनी प्रारंभापेक्षा ७.५ टक्क्यांनी कमी होते. ज्या कुटुंबांना केवळ हजेरीसाठी प्रोत्साहन दिले, त्या गटात ते १४.३ टक्क्यांनी वाढलेले होते. रंगांची युक्ती मोबाइलमध्ये घालता येते. पण मुलाबरोबर स्वतःही बदलणारे आई-वडील मोबाइलमध्ये घालता येत नाहीत. या पाठाचे सार इतकेच आहे.

४. मोबाइलचे काम आणि माणसाचे काम

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शिकेत स्थूल मुलांसाठी ३ ते १२ महिन्यांत किमान २६ तासांचे, कुटुंबासह व प्रत्यक्ष भेटीतून होणारे मार्गदर्शन परिणामकारक मानले आहे. यावरून माणसाच्या सहवासाचे मोल लक्षात यावे.

तथापि मोबाइल सर्वथा त्याज्य आहे, असे मुळीच नाही. दर आठवड्याला मोठ्या शहरातील आहारतज्ज्ञाकडे जाणे आपल्यासारख्या तालुक्याच्या गावातील कुटुंबांना परवडत नाही. तेथे पडद्यावरील भेट उपयोगी पडते. पाणी पिणे, वेळेवर निजणे, खेळावयास जाणे यांची आठवण यंत्र उत्तम करून देते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे ‘न्यूट्रिफाय इंडिया नाऊ’ हे ॲप भारतीय पदार्थांतील पोषणद्रव्ये दाखविते; २०२१ साली निघालेल्या ‘फिट इंडिया’ ॲपवर चालण्याची व व्यायामाची नोंद ठेवता येते. अशी साधने पालकांनी आपल्या हातात ठेवून मुलासह वापरावीत.

मार्गदर्शक शोधताना सरकारी व्यवस्थेचाही विसर पडू नये. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात किशोरांचे पोषण हा एक मुख्य विषय असून, शासकीय रुग्णालयांतून किशोरांसाठी समुपदेशनाची योजना त्यात आहे. तेथे चौकशी करण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही.

५. ॲप घेण्यापूर्वी पाच कसोट्या

(१) ते कोणत्या वयासाठी आहे? प्रौढांसाठी असल्यास मुलाच्या हाती देऊ नये.

(२) ते कशाचे कौतुक करते? उतरलेल्या किलोंचे करीत असेल तर नको. खेळ, झोप, भाजी, पाणी अशा सवयींचे करीत असेल तर चालेल.

(३) मार्गदर्शक कोण? त्याचे नाव, शिक्षण व पात्रता स्पष्ट असावी. जो चूर्ण, पेय किंवा डबा विकत घेण्याचा आग्रह धरतो, तो विक्रेता समजावा. मुलाशी होणारे त्याचे संभाषण पालकांच्या उपस्थितीत व्हावे.

(४) माहिती कोठे जाते? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद आहे. मुलाचे खोटे वय लिहून आपणच ते संरक्षण मोडू नये.

(५) मुलाच्या मनावर काय परिणाम होतो? जेवण टाळणे, लपून खाणे, दिवसातून अनेकदा वजन करणे, खाल्ल्यावर अपराधी वाटणे, मुलीची पाळी चुकणे, ही धोक्याची चिन्हे होत. ॲप तत्काळ बंद करून डॉक्टरांना भेटावे. मानसिक त्रासासाठी ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

६. घराने काय करावे

नियम एकट्या मुलासाठी असू नये. तो सर्व घरासाठी असावा. मुलाला उकडलेली भाजी आणि वडिलांना समोसे, असा न्याय टिकत नाही. भात सोडण्याचे कारण नाही. ताटात आधी भाजी व वरण वाढावे, भात मापाने वाढावा आणि ‘पुरे’ हा शब्द पहिल्या वेळी ऐकावा. शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण सात-आठ चहाचे चमचे साखर असते. तिच्या जागी ताक किंवा पाणी द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी किमान ६० मिनिटांचा मध्यम ते जोरकस व्यायाम सांगितला आहे. सायकल, कबड्डी, दोरीवरच्या उड्या यांस खर्च येत नाही. या वयात ८ ते १० तास झोप हवी. म्हणून रात्री घरातील सर्व मोबाइल एका जागी ठेवावेत, आई-वडिलांचेही.

उत्सवाचा प्रसाद मुलाने आनंदाने घ्यावा. द्रोण भरून पुन्हा घेण्याचा आग्रह मात्र आपण करू नये. उपवास ही श्रद्धेची बाब आहे; वजन घटविण्याचे साधन म्हणून तो वाढत्या मुलांवर लादू नये. साबुदाण्याच्या खिचडीने आणि तळलेल्या बटाट्याने वजन घटतही नाही.

शेवटी एक विनंती. मंदिरात, लग्नात, पाहुण्यांसमोर कोणत्याही मुलाच्या देहाविषयी थट्टा करू नये. मायेने दिलेले ‘लठ्ठू’ हे नावही मुलाच्या मनात वर्षानुवर्षे सलत राहते. लाजविलेले मूल मैदानावर येत नाही. ते खोलीत मोबाइल घेऊन बसते. ज्याला घरात मान आहे, तेच मूल आपली अडचण घरात सांगते.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या मुलांची उंची व वजन गेल्या सहा महिन्यांत मोजले आहे काय?

२. मुलाने जी सवय सोडावी असे आपल्याला वाटते, ती आपण सोडली आहे काय?

३. मुलाच्या मोबाइलवर आहारासंबंधी कोणते ॲप आहे, आणि ते त्याला काय सांगते?

४. या आठवड्यात मुलाबरोबर रोज एक तास कोण खेळेल किंवा चालेल?

या प्रश्नांची उत्तरे घरातील सर्वांनी एकत्र बसून, मुलांनाही बोलू देऊन द्यावीत.