आजोबांचे नाव नातवाला

कुर्ल्यातील आमच्या मशिदीची निकाहाची नोंदवही चाळताना एक गोष्ट ध्यानी येते. नवरदेवांची नावे फैसल, सोहेल, इम्रान. त्यांच्या वडिलांची सलीम, अन्वर, इक्बाल. आणि साक्षीदार म्हणून थरथरत्या हाताने सही करणाऱ्या वृद्धांची इसहाक, याकूब, यूनुस, अब्दुर्रहमान. अकीक्याच्या दावतीत ही शेवटची नावे आता क्वचितच कानी पडतात.

मध्यंतरी एक तरुण पिता असरच्या नमाजनंतर माझ्याजवळ थांबला. चार दिवसांपूर्वी त्याला मुलगा झाला होता. आपल्या दिवंगत वडिलांचे अब्दुर्रहमान हे नाव बाळाला द्यावे, अशी त्याची इच्छा होती. पत्नीला मात्र ते जुनाट वाटत होते. खरे कारण त्याने जाता जाता सांगितले: शाळेत, नोकरीच्या मुलाखतीत, भाड्याचे घर शोधताना हे नाव मुलाला जड जाईल, अशी तिला भीती होती.

वाचकहो, ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु अर्जावर ‘अयान’ लिहिले तरी त्यापुढे वडिलांचे नाव आणि आडनाव येतेच. मग आपण लपवले ते काय? सहीह मुस्लिममधील हदीसनुसार अल्लाहला सर्वाधिक प्रिय असलेली नावे अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान ही आहेत. रायगड जिल्ह्यातील आंबेत गावचे एक अब्दुर्रहमान १९८० साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या राजकारणाविषयी मत काहीही असो. वृत्तपत्रांनी त्यांना ‘ए. आर. अंतुले’ केले आणि ते सुंदर नाव दोन आद्याक्षरांत दडून गेले.

इथे थोडे व्याकरण सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘अब्द’ म्हणजे दास. नुसते ‘अब्दुल’ म्हणणे म्हणजे मराठीत ‘…चा दास’ म्हणून थांबणे. कोणाचा, ते अधांतरीच राहते. उलट मागचा अर्धा भाग घेऊन मुलाला ‘रहमान’ अशी हाक मारणे त्याहून अनुचित, कारण ते नाव केवळ अल्लाहचे आहे. तेव्हा नाव पूर्ण ठेवावे आणि जन्मदाखल्यापासूनच त्याचे एकच लेखन ठरवावे. पुढे प्रत्येक कागदावर वेगळे लेखन झाले की मुलाला कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात.

पैगंबरांची नावेही अशीच अर्थपूर्ण आहेत. सूरह हूदमध्ये इसहाक (अलै.) यांच्या जन्माची वार्ता येते ती हजरत सारा यांच्या हसण्यापाठोपाठ. यूनुस (अलै.) यांची कौम अजाब समोर आलेला असताना श्रद्धा ठेवून वाचली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः आपल्या पुत्राला पूर्वज इब्राहीम (अलै.) यांचे नाव दिले.

मात्र आजोबांचे आहे एवढ्यानेच कोणतेही नाव पुढे चालवू नये. सईद बिन मुसय्यब (रह.) यांच्या आजोबांचे नाव हज्न, म्हणजे खडबडीत जमीन. प्रेषितांनी (स.) त्याऐवजी सहल, म्हणजे सुगम, हे नाव सुचवले. वडिलांनी दिलेले नाव बदलणार नाही, असे ते म्हणाले. तो कठोरपणा पुढे आमच्या घरात राहिला, असे नातवानेच सांगितल्याचे बुखारीत नोंदले आहे.

त्या तरुणाची पत्नी अखेर राजी झाली. अडचण आली ती आजीची. पतीचे नाव त्यांनी जन्मात उच्चारले नव्हते. मी त्यांना सांगितले, की शरीयतमध्ये अशी मनाई नाही. हजरत आयेशा (रजि.) प्रसन्न असल्या की ‘मुहम्मदच्या रबची’ शपथ घेत आणि रुसल्या की ‘इब्राहीमच्या रबची’, त्यावरूनच प्रेषितांना (स.) त्यांचा रुसवा कळे. आजी हसल्या. म्हणाल्या, “मौलाना, आयुष्यभर ‘अहो’ म्हटलं. आता नातवालाही ‘अहो’ म्हणू?”

सध्या त्या त्याला ‘अब्दू’ म्हणतात. लाडाने नाव आखूड करण्यास हरकत नाही, प्रेषितही (स.) हजरत आयेशांना ‘आइश’ म्हणत.