इमारतीचे हजेरीपत्रक

काचीगुड्याचे रेल्वे स्थानक आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. निजामाच्या राजवटीत, १९१६ साली उभारलेली ही वास्तू. तिचे घुमट आणि मिनार दुरूनही ओळखू येतात. समजा, तिच्या एखाद्या खांबाला तडा गेलेला आम्हांस दिसला आणि तो अधिकाऱ्यांस कळवावयाचा आहे. आम्ही लिहू, 'डावीकडचा तिसरा खांब.' पण डावीकडचा म्हणजे कोणाच्या डावीकडचा? रस्त्यावरून पाहणाऱ्याच्या की फलाटावरून येणाऱ्याच्या? आणि वास्तू दोन्ही अंगांनी सारखी असली म्हणजे तर घोटाळा पुरताच होतो. विद्यार्थीमित्रहो, इमारतीच्या प्रत्येक अवयवास नाव का द्यावे लागते, याचे उत्तर या एका वाक्याच्या अडचणीत आहे.

ही रीत संगणकाने शोधून काढलेली नाही. श्रीशैलम् धरणाच्या जलाशयात कूडवेल्लीचे संगमेश्वराचे प्राचीन मंदिर बुडणार, तेव्हा ते उकलून आलमपुरास पुन्हा उभे करण्यात आले. इजिप्तमधील अबू सिंबेलची प्रचंड मंदिरेही १९६४ ते १९६८ या काळात अशीच कापून उंचावर नेली. अशा कामात दगडावर क्रमांक नसेल तर दगड हरवत नाही, त्याची जागा हरवते. आणि जागा हरवलेला दगड म्हणजे नुसता धोंडा.

आता नकाशाकडे वळू. अभियंता प्रथम कागदावर उभ्या-आडव्या रेषांचे जाळे आखतो. एका दिशेच्या रेषांना १, २, ३ असे आकडे आणि दुसऱ्या दिशेच्या रेषांना इंग्रजी अक्षरे देतात. त्यांतून 'आय' आणि 'ओ' ही दोन अक्षरे बहुधा वगळतात, कारण ती एक आणि शून्य यांच्यासारखी दिसतात. (आपण देवनागरी अक्षरे वापरली असती तर 'ख' गाळावा लागला असता, तो 'रव' वाचला जाण्याची भीती जुनीच आहे.) रेषा जेथे छेदतात तेथे खांब. खांबाला 'सी', तुळईला 'बी', पायाला 'एफ' आणि छताच्या लादीला 'एस' हे आद्याक्षर देऊन पुढे क्रमांक लावतात.

येथे एक बारकावा आहे आणि पुष्कळजण तेथेच चुकतात. शाळेत विद्यार्थ्याला तीन ओळखी असतात. प्रवेशनोंदीतला क्रमांक, जो जन्मभर एकाचाच. वर्गातील बाक, म्हणजे त्याची जागा. आणि इयत्ता, जी पन्नासजणांची एकच असते. खांबाचेही तसेच आहे. रेव्हिटसारखी प्रणाली प्रत्येक अवयवास आपला गुप्त क्रमांक देते, तो प्रवेशनोंदीसारखा. 'ब-३' हे रेषांच्या छेदाचे नाव त्याचा बाक. आणि 'सी-२' असे जेव्हा सारख्या मापाच्या व सारख्या सळयांच्या दहा खांबांना मिळून म्हणतात, तेव्हा ती इयत्ता. ईटॅब्स या प्रणालीत एकावर एक उभ्या असलेल्या खांबांचे नाव सर्व मजल्यांवर एकच असते. म्हणून मजल्याचे नाव जोडल्यावाचून तेथे बोलणेच पुरे होत नाही.

नावातून सर्व काही कळते असेही नाही. २३० मिलिमीटर रुंद आणि ४५० मिलिमीटर लांब खांब घ्या. आपली लाकडी पट्टी आडवी धरून वाकवा, मग उभी धरून वाकवा. फरक हाताला कळेल. या खांबाचा ताठरपणा एका दिशेस दुसरीपेक्षा जवळजवळ पावणेचारपट असतो. नाव बरोबर, जागा बरोबर, पण खांब काटकोनात फिरवून उभा केला तर तो वेगळाच खांब झाला. म्हणून नावाशेजारी त्याची आकृती योग्य दिशेने काढलेली असलीच पाहिजे.

आमच्या परिचयाच्या एका तीन मजली घराच्या कामावर घडलेली गोष्ट सांगतो. पाण्याच्या टाकीची जागा बदलली, तसे दोन खांबांचे हिशेबही बदलले. खांबांचा तक्ता नवा झाला, परंतु नकाशावरची अक्षरे हाताने टंकलेली होती; ती जुनीच राहिली. लोहाराने नकाशा पाहून सळया बांधल्या. आठ हव्या होत्या तेथे सहाच! दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीट ओतावयाचे होते. संध्याकाळी म्हातारे मिस्त्री जाळीजवळ उभे राहून म्हणाले, 'टंकी तो इसके सर पे आती, फिर लोहा इत्ता कम कायकू?' त्यांनी नकाशा वाचला नव्हता. त्यांनी वर काय येणार एवढेच पाहिले होते. रात्री कंदिलाच्या नव्हे, विजेच्या दिव्याखाली ती जाळी सोडून पुन्हा बांधली गेली.

आजच्या प्रणालींत अशी चूक होण्यास वाव कमी आहे, कारण तेथे चिठ्ठीवर अक्षरे लिहावयाची नसतात. चिठ्ठी खांबालाच त्याचे नाव विचारते. खांबाची नोंद बदलली की नकाशा, तक्ता आणि छेदचित्र तिन्ही ठिकाणी नाव बदलते. पण यंत्र शहाणे झाले म्हणून आपण निर्धास्त व्हावे असे आम्हांस वाटत नाही. एकच खूण दोन खांबांना दिली गेली तर रेव्हिट इशारा देते. तो इशारा न वाचता मिटवून टाकणारे हात माणसाचेच. शिवाय नकाशा एकदा कामावर पोहोचल्यावर 'सर्व क्रमांक पुन्हा ओळीने लाव' अशी आज्ञा संगणकाला देणे फार घातक. मिस्त्रीच्या हातातील कागदावरचा सी-७ आणि कचेरीतील सी-७ मग दोन वेगळे खांब होतात. रद्द झालेल्या खांबाचा क्रमांक रिकामाच ठेवावा. हजेरीपत्रकात शाळा सोडून गेलेल्या मुलाचा क्रमांक वर्षाच्या मध्ये दुसऱ्यास देत नाहीत, तसेच हे.

सुट्टीत आपल्या शाळेच्या व्हरांड्याचा चौकटीच्या कागदावर नकाशा काढून पाहा. उत्तर दिशा आधी दाखवा, मग रेषा आखा, खांबांस नावे द्या. तो कागद दुसऱ्या वर्गातील मित्राच्या हाती द्या, एकच नाव सांगा आणि काही न बोलता त्याच्या मागून चाला. तो कोणत्या खांबापाशी थांबतो ते पाहा.