कडबा घ्यावा तोलून

सोलापूर, मंगळवेढा, बार्शी या पट्ट्यात रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चला निघते, आणि कडबा स्वस्त मिळतो तोही तेव्हाच. मे उजाडला की भाव चढतात. लहान गोठेवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. पण ऐन मार्चमध्ये गाठीला पैसा नसतो, खरेदी लांबते आणि मग मिळेल त्या मालावर भागवावं लागतं.

पंढरपूरकडच्या एका पशुपालक जोडप्याचं हेच झालं. व्यापाऱ्याशी फोनवर शेकड्याचा भाव ठरला, हजार पेंढ्या सांगितल्या. ट्रॉली रात्री आली आणि अंधारातच रिकामी झाली. सकाळी घरधनीण वैरण टाकायला गेली, तर पेंढी एका हाताच्या मुठीत मावत होती. बंध सोडला. वरची धाटं पिवळीधमक, आतली मात्र बुडख्याशी काळी पडलेली, कुबट वासाची. बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागायची. गाईने हुंगलं आणि तोंड फिरवलं.

पेंढीला ठरलेलं माप नाही, खरी मेख तिथेच आहे. चार गायींना दिवसाला प्रत्येकी सहा किलो सुकी वैरण धरली, तर दोन किलोच्या हजार पेंढ्या 83 दिवस पुरतात. पेंढी सव्वा किलोची निघाली, तर 52 दिवसांतच गंजी संपते. भाव तोच, पेंढ्याही तेवढ्याच.

बुरशीचा माल तर फुकट मिळाला तरी घेऊ नये. काही बुरशींमधून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं, ते जनावराच्या यकृताला बाधतं आणि दुधातही उतरतं.

म्हणून सौदा दिवसाउजेडी, गंजीपाशी उभं राहूनच करावा. कडेच्या पेंढ्या सगळेच चांगल्या रचतात. मधल्या ओढून सोडायला लावाव्यात. धाट मोडून पाहावं. वाळलेलं कडकन तुटतं, ओलं नुसतं वाकतं. वेगवेगळ्या जागच्या दहा पेंढ्या काट्याला लावून सरासरी काढावी, आणि भाडं, भराई-उतराईची हमाली धरून किलोचा भाव काढावा. कडबा वजनाला हलका, पण जागा फार खातो. ट्रॉली डोळ्यांना भरते, काट्यावर भरत नाही. त्यामुळे लांबचा स्वस्त कडबा घरी पोचेपर्यंत पुष्कळदा महाग पडतो. शेजारच्या दोन-तीन गोठ्यांनी मिळून मोठी गाडी केली, तर भाडं वाटलं जातं.

वाहतुकीत हयगय नको. भार दोरांनी आवळलेला हवा, मागे लाल कापड आणि रिफ्लेक्टर हवेत. भारावर माणूस बसवू नये, कारण गावात शिरताना विजेच्या तारा खाली लोंबत असतात. तारेची ठिणगी पडली तर वाळला कडबा क्षणात पेटतो.

त्या जोडप्याने पुढची खरेदी मार्चमध्येच केली. थेट शेतकऱ्याकडून, शेजाऱ्यांना बरोबर घेऊन, आणि निम्मे पैसे काटा झाल्यावर. कडबा घरापासून दूर, दगड-लाकडाच्या उंच बैठकीवर रचला. एकीला आग लागली तर दुसरी वाचावी म्हणून दोन गंज्या केल्या, मध्ये बैलगाडी फिरेल एवढी जागा सोडून.